राणीच्या बागेत प्राणी मागाहून आले

रविवारी सकाळी भायखळा स्टेशनवर पूर्वेला उतरलात, की वाट विचारायची गरज पडत नाही. पोरांना कडेवर, डब्याची पिशवी खांद्यावर आणि पाण्याची बाटली काखेत घेतलेली कुटुंबं एकाच दिशेने चालत असतात, त्यांच्या मागे लागायचं. तिकीट काढून आत गेल्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो, "पेंग्विन कुठे?" सुरक्षारक्षक न बोलता हात दाखवतो आणि घोळका तिकडे वळतो. वाटेत दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या झाडांकडे कुणी मान वर करून बघत नाही. मीही वयाच्या तिशीपर्यंत बघितलं नव्हतं. लहानपणी आमची धाव हत्ती आणि पाणघोड्यापुरतीच असायची.

म्हणून आधी एक गोष्ट सांगून टाकतो. राणीची बाग हे झाडं लावून सजवलेलं प्राणिसंग्रहालय नाही. ते मुळात वनस्पतिउद्यान आहे. प्राण्यांना त्यात पुढे जागा दिली गेली आणि वस्तुसंग्रहालयाला शेजारी बसवलं गेलं. हा क्रम लक्षात आला की गेल्या दीडशे वर्षांत या जागेवरून झालेली बहुतेक भांडणं आपोआप समजतात.

नावाबद्दलही दोन शब्द. काहीजण 'राणीचा बाग' म्हणतात, काहीजण 'राणीची बाग'. मराठीत बाग दोन्ही लिंगांत चालते, त्यामुळे वाद घालू नये. राणी म्हणजे व्हिक्टोरिया. ती हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, पण हिंदुस्थानात एकदाही आली नाही. स्वातंत्र्यानंतर बागेचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं. पाटीवर तेच आहे, तोंडात मात्र राणीची बाग. गंमत म्हणजे आजच्या पोरांना ती राणी जिजाऊच वाटते, आणि नाव बदलणाऱ्यांचं काम त्यामुळे आपसूकच झालं आहे.

बाग कशासाठी काढली?

एकोणिसाव्या शतकात वनस्पतिउद्यान म्हणजे फिरायला जाण्याची जागा एवढंच नव्हतं. ती एक प्रकारची प्रयोगशाळा असे. कलकत्त्याजवळ शिबपूरला ईस्ट इंडिया कंपनीने 1787 साली असं उद्यान काढलं, ते व्यापाराचा हिशेब डोळ्यासमोर ठेवून. कोणतं लाकूड जहाजाला चालेल, कोणता कापूस कुठल्या मातीत येईल, परदेशातलं अमुक फळझाड इथल्या पावसात टिकेल का, हे आधी एका कुंपणात करून बघायचं आणि जमलं तर गावोगाव रोपं पाठवायची. म्हणूनच वनस्पतिउद्यानात एकाच जातीची रांग नसते. शक्य तितक्या वेगवेगळ्या जातींची एकेक-दोनदोन झाडं असतात, त्यांच्यावर नावाच्या पाट्या असतात आणि त्यांची नोंद ठेवलेली असते. साध्या बगिच्यात आणि यात फरक तो एवढाच, पण मोठा आहे.

त्या काळात एक छोटा शोध फार उपयोगी पडला. नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरच्या लक्षात आलं, की बंद काचेच्या पेटीत लावलेलं रोप पाणी न घालताही जगतं. मातीतल्या पाण्याची वाफ होते, ती काचेला लागून थंड होते आणि थेंब होऊन पुन्हा मातीत पडते. 1830च्या दशकात अशा पेट्या जहाजांच्या डेकवर ठेवून रोपं नेऊन पाहिली आणि ती जगली. त्याआधी कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासात बहुतेक रोपं खाऱ्या वाऱ्याने मरत. आज मुंबईच्या रस्त्यांवर जो गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष आपण घरचाच समजतो, त्यातला पहिला मूळचा मादागास्करचा आणि दुसरा दक्षिण अमेरिकेकडचा. झाडांची अशी जगभर देवाणघेवाण चालू असण्याचा तो काळ होता.

मुंबईत हे काम पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेने हाती घेतलं. तिची पहिली बाग शिवडीला होती. पुढे ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी हवी झाली आणि संस्थेला दुसरीकडे बघावं लागलं. 1861 साली माझगावातल्या माउंट इस्टेटची सुमारे 33 एकर जमीन मिळाली. तिथे नवी बाग आखली आणि 19 नोव्हेंबर 1862 रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. या लेडी फ्रिअर म्हणजे त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी. बागेत त्यांच्या नावाचं ग्रीक देवळासारखं गोल खांबांचं एक छोटं बांधकाम आहे. त्यात देव नाही. जोडपी मात्र नेहमी असतात.

तेव्हाची मुंबई कशी होती, तेही इथे सांगायला हवं. अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि गिरण्यांनी हिंदी कापसाकडे तोंड वळवलं. भाव चढले, मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. 1865 साली युद्ध संपलं आणि तो पूर तितक्याच वेगाने ओसरला, बँका बुडाल्या, शेठ लोक रस्त्यावर आले. बाग उभी राहिली ती या चढत्या काळात. प्रवेशद्वाराची ती भव्य स्तंभांची रांग, डेव्हिड ससून यांच्या देणगीतला 1865चा घड्याळाचा मनोरा, हे त्याच वेळचं.

शेजारच्या वस्तुसंग्रहालयाचं कामही 1862 सालीच सुरू झालं. ते लोकांसाठी उघडायला मात्र 1872 साल उजाडलं.

दाजी, शेठ आणि एक सोनेरी इमारत

हे संग्रहालय म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, मुंबईतलं सगळ्यात जुनं. ते आधी फोर्टातल्या बराकीत होतं. 1857च्या उठावात बराक सैन्याला हवी झाली आणि वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या. त्यानंतर नवी इमारत हवी म्हणून जे लोक मागे लागले, त्यांत इंग्रज डॉक्टर जॉर्ज बर्डवुड यांच्यासोबत डॉ. भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेठ ही दोन मराठी नावं ठळक आहेत. भाऊ दाजी पेशाने डॉक्टर, वृत्तीने संशोधक. जुने शिलालेख, नाणी वाचायची, कुष्ठरोगावर औषध शोधायचं आणि मधल्या वेळात शहराला संग्रहालय मिळवून द्यायचं, असा त्यांचा दिवस असावा. 2 मे 1872 रोजी ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय म्हणून उघडलं आणि 1975 साली त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. उशीर झाला, पण नाव योग्य माणसाचं आहे.

आत पाऊल टाकल्यावर डोळे दिपतात. लोखंडी खांब, हिरवा आणि सोनेरी रंग, इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या फरश्या. मी शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा हे सगळं धुळीत आणि अंधारात होतं. पाच वर्षं चाललेल्या जीर्णोद्धारानंतर 2008 साली ते पुन्हा खुलं झालं आणि त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या छोट्या मूर्ती आहेत. वेगवेगळ्या जातींचे, धंद्यांचे लोक, त्यांची पागोटी, नेसायच्या पद्धती. त्या कपाटापुढे एक तास काढलात तरी तो वाया जाणार नाही.

बिनकामाच्या पुतळ्यांची जागा

बागेचा मला सर्वात आवडता भाग मात्र इमारतीच्या बाहेर आहे. मुंबईत जे दगड, जे राजे-राण्या कुठेच मावेनात, ते इथे येऊन राहिले.

त्यातला पहिला दगडी हत्ती. घारापुरी बेटावर पोर्तुगीज उतरले तेव्हा किनाऱ्याजवळ त्यांना हा प्रचंड हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटालाच 'एलिफंटा' म्हणायला सुरुवात केली. 1864 साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन मोडली, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. मग कोण कशाला नेतो! तुकडे बागेत आणून टाकले. 1914 साली कॅडेल आणि ह्यूएट या दोघा इंग्रजांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ जाऊन बघा, अंगावरचे सांधे दिसतात. ज्याच्यामुळे बेटाला नाव पडलं, तो बेटावर नाही. घारापुरीला जाणाऱ्या किती पर्यटकांना हे ठाऊक असेल?

तसाच दुसरा, काळा घोडा. फोर्टातला सगळा भाग त्याच्या नावाने ओळखला जातो. तो घोड्यावर बसलेला युवराज एडवर्ड, व्हिक्टोरियाचा मुलगा. 1875च्या त्याच्या मुंबईभेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी पुतळा दिला आणि 1879 साली तो बसवला. 1965 साली इंग्रजी पुतळे हलवले गेले तेव्हा घोडा आणि स्वार दोघेही भायखळ्याला आले. 2017 साली फोर्टात नवा काळा घोडा बसवला, त्याच्यावर मात्र स्वार ठेवला नाही.

आणि खुद्द राणी. तिचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला. 1896 साली एके सकाळी मुंबईकरांना तो डांबराने माखलेला आणि गळ्यात जोड्यांची माळ असलेला दिसला. हे काम पुण्याच्या दामोदर चापेकरांचं. तेच चापेकर, ज्यांनी पुढच्या वर्षी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. डांबर संगमरवरात मुरलेलं, ते काही केल्या निघेना. शेवटी त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते काढून दाखवलं. तो पुतळाही आता इथे संग्रहालयाच्या आवारात आहे. जिच्या नावाची बाग, ती राणी शेवटी अशी बागेच्या शेजारी राहायला आली.

प्राणी कधी आले?

बागेची मूळ संस्था पैशाअभावी डबघाईला आली आणि 1873 साली बाग महापालिकेच्या ताब्यात गेली. पुढे 1890 साली आणखी 15 एकर जमीन जोडली, ती प्राण्यांसाठी. म्हणजे झाडं आणि प्राणी यांच्या वयात जवळपास पिढीचं अंतर आहे.

पण लोकांना काय ओढून आणतं, हे उघड होतं. भायखळा, लालबाग, चिंचपोकळी हा गिरणगावचा पट्टा. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला सुटीच्या दिवशी पोरांना कुठे न्यायचं, तर राणीच्या बागेत. घरून भाकरी-चटणी बांधून आणायची, झाडाखाली धोतर पसरून जेवायचं, संध्याकाळी चालत परत. वाघ, सिंह, हत्ती, माकडं हे सगळं त्या पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा तिथेच पाहिलं. गावाकडून पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या यादीत म्हातारीचा बूट आणि राणीची बाग ही ठरलेली. प्राणिसंग्रहालयाला नावं ठेवणं सोपं आहे, पण हे विसरून ठेवू नयेत.

तरीही जुने पिंजरे वाईट होते यात शंका नाही. सिमेंटची जमीन, लोखंडी गज, लपायला जागा नाही. देशातल्या प्राणिसंग्रहालयांवर नजर ठेवायला 1992 साली केंद्रीय प्राधिकरण आलं आणि त्याच्या नियमांनुसार पिंजऱ्यांऐवजी प्राण्याच्या मूळ अधिवासाशी मिळतीजुळती मोकळी जागा द्यावी लागते. गजांच्या जागी खंदक किंवा जाड काच. राणीच्या बागेतला बदल मुख्यतः हा आहे. 2016 साली दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्यांतला एक काही महिन्यांतच मेला, बराच गदारोळ झाला आणि मार्च 2017 मध्ये उरलेले लोकांना बघायला मिळाले. त्याच वर्षी 5 रुपयांचं तिकीट 50 रुपये झालं. 2020 साली औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून वाघांची जोडी आली.

पेंग्विन म्हणजे बर्फ, असं आपल्याला वाटतं. हम्बोल्ट पेंग्विन मात्र पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतात, जिथली जमीन वाळवंटासारखी कोरडी आणि समुद्र थंड असतो. त्यांना बर्फ लागत नाही. मुंबईचा दमट उकाडा चालत नाही, म्हणून चोवीस तास गारवा.

झाडांचं दुखणं

2007 साली महापालिकेने बागेचा कायापालट करण्याची मोठी योजना पुढे आणली. परदेशी धर्तीचं प्राणिसंग्रहालय, खर्च चारशे कोटींच्या वर. तेव्हा बागेत रोज फिरायला येणाऱ्या काही महिलांनी, ज्यांना झाडांची ओळख होती, प्रश्न विचारायला सुरुवात केली. एवढे खंदक, एवढे रस्ते, एवढी बांधकामं, मग झाडांचं काय? त्यातून 'सेव्ह राणीबाग' ही मोहीम उभी राहिली. शहराच्या वारसा समितीने मूळ योजना मान्य केली नाही आणि पुढे ती छाटून लहान करण्यात आली.

"झाड तर आम्ही तोडत नाही, मग तक्रार कसली?" असं तेव्हा अनेकांनी विचारलं. प्रश्न बरोबर वाटतो, पण चुकीचा आहे. झाडाची मुळं खोल खोल जातात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात, आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. मुळांना हवा लागते. त्यावर फरसबंदी केली, भराव टाकला, ट्रक फिरवून माती दाबली किंवा बाजूने चर खणला, की मुळं घुसमटतात. झाड त्या दिवशी मरत नाही. तीन-चार वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, मग एखाद्या पावसाळ्यात ते आडवं होतं आणि वर्तमानपत्रात बातमी येते, 'वादळी वाऱ्याने झाड कोसळले'. वाऱ्याचं नाव होतं, काम आधीच झालेलं असतं.

आज सुमारे पन्नास एकरांच्या या बागेत तीन हजारांच्या घरात झाडं आहेत आणि त्यांच्या अडीचशेहून जास्त जाती. त्यातली सगळी दाखवायला मी काही वनस्पतितज्ज्ञ नाही. पण चार-पाच तरी ओळखून ठेवा.

कैलासपती आधी शोधा, कारण तो नाकाने सापडतो. त्याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून लोंबणाऱ्या दोऱ्यांसारख्या डहाळ्यांवर येतात. खाली पडलेलं एक फूल उचलून तळहातावर घ्या. जाड, मेणासारख्या गुलाबी-केशरी पाकळ्या, मधोमध छोटी पिंड आणि तिच्यावर फणा धरलेला पुंकेसरांचा नाग. नाव कसं पडलं हे सांगावं लागत नाही. झाड मात्र दक्षिण अमेरिकेतलं, तिथे शंकराची ओळख नाही. त्याची फळं तोफेच्या गोळ्याएवढी, तेव्हा खाली डबा उघडून बसू नका.

गोरखचिंच आफ्रिकेतली. खोड असं सुजलेलं, की झाड कमी आणि रांजण जास्त वाटतं. त्या खोडात ती पाणी साठवते. तिची मोठी पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि सकाळपर्यंत मलूल होतात, कारण तिचं गिऱ्हाईक रात्रीचं, वटवाघूळ.

उर्वशी ब्रह्मदेशातली. लाल फुलांचे झुंबरासारखे लोंबते घोस, पाकळ्यांवर पिवळा ठिपका. जंगलात ती क्वचितच सापडते, प्रथम नजरेस आली तीही मठाच्या बागेत. आणि कोलव्हिलिया. फुलं नसताना डिट्टो गुलमोहर, आणि तोही मादागास्करचाच. पावसाळा सरताना मात्र त्याला द्राक्षांच्या घडासारखे केशरी घोस येतात आणि मग चूक होत नाही. वेंझेल बोयर या एकाच वनस्पतितज्ज्ञाने गुलमोहर आणि कोलव्हिलिया ही दोन्ही झाडं शास्त्राच्या नोंदीत आणली. गुलमोहर गल्लोगल्ली पोचला, भाऊ मागे राहिला.

आपल्याकडच्यांत सीतेचा अशोक बघा. सोसायटीच्या भिंतीला लागून भाल्यासारखे उभे असतात ते अशोक नव्हेत. खरा अशोक बुटका, पसरट, आणि वसंतात त्याच्या अंगाखांद्यावर नारिंगी-लाल गुच्छ.

जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी लवकर जा, म्हणजे पेंग्विनची रांग लागायच्या आत झाडं बघून होतील. पोरं सोबत असतील तर आधी एका झाडाखाली पडलेलं कैलासपतीचं फूल त्यांच्या हातात द्या, मग वाघ. भायखळ्याला परत गाडीत चढेपर्यंत हाताला वास राहतो. आणि बुधवारी जाऊ नका, बुधवारी बाग बंद असते.